पाठुंगळीचा हिशेब

सोळा वर्षं मी शाळेची बस चालवतोय.
व्होरूकडचा हा रस्ता, एका अंगाला बर्चचं रान,
दुसऱ्या अंगाला तळं.
कुठे खड्डा, कुठे वळण, डोळे मिटून सांगेन.
दर एप्रिलात बर्फ विरघळलं की संध्याकाळच्या फेरीला
चाकांखाली काहीतरी पच्‌कन वाजायचं.
मी मनाशी म्हणायचो, ओली पानं.

यंदा हेल्वेबाई म्हणाल्या, आर्वो,
आज बस अलीकडेच थांबवा. दिवे बंद.
तिसरी-चौथीची अकरा पोरं उतरली,
अंगात चमकणारी पिवळी जाकिटं, पायात गमबूट,
हातात बादल्या: कुणाची रंगाची, कुणाची लोणच्याची,
आणि लेलोकडे चक्क तिच्या धाकट्या भावाचं
आंघोळीचं टब.

हात ओले करून घ्या, बाई सांगत होत्या,
आपला कोरडा हात त्यांना पोळतो.
आणि ज्याचं तोंड जिकडे, त्याला तिकडेच न्यायचं.
वाट आपण शिकवायची नाही.

मग रान हललं.
म्हणजे आधी फक्त पानं हलली,
मग टॉर्चच्या उजेडात पानांना डोळे फुटले,
तांब्याच्या रंगाचे, आडवी बाहुली असलेले,
आणि खरखरीत पाठींचे शंभर म्हातारे
डांबरावर चढून थबकले,
जणू कुणीतरी मधल्या मध्ये
त्यांच्या गावावरून रस्ता नेलाय.
नेलाच होता.

एक जाडजूड मादी, पाठीवर टिचभर नर,
घट्ट मिठी मारून पाठुंगळी बसलेला.
उकू म्हणाला, दोन.
केर्टू म्हणाली, चालतंय एकच, म्हणून एक.
उकू म्हणाला, मग तू लहानपणी आईच्या कडेवर होतीस
तेव्हा मोजलीच नव्हती का तुला?
यावर केर्टूने बादली खाली ठेवली
आणि भांडण नीट सुरू झालं.

टारमो मात्र वाकून रस्त्यावरचे चपटे झालेले
पानाने खरवडून कडेला ठेवत होता.
वहीत रेघ मारून त्याने दुसरा रकाना केला होता.
मी म्हटलं, हे कशाला लिहितोस रे?
तो म्हणाला, बाई म्हणाल्या मोजा.
मेलेले सोडा असं नाही म्हणाल्या.
मग पेन्सिल चाटून म्हणाला,
तुमची बस इथून किती वाजता जाते?

मी खरं ते सांगितलं.
त्याने रकान्याच्या डोक्यावर लिहिलं: संध्याकाळची बस.
रागाने नाही. कोळी, मुंगी, वाळवी लिहावं
तसं, सुवाच्य अक्षरात.

मी हात चिखलात बुडवले. एकाला उचललं.
वजन म्हणाल तर उकडलेल्या बटाट्याएवढं,
गळा लपलप हलत होता,
कोंबडीच्या पिलासारखं काहीतरी बारीक बोलला
आणि माझ्या तळहातावर मुतला.
पोरं एवढी हसली
की बाईंना शू शू करावं लागलं,
आणि त्यावर ती आणखी हसली.

नऊ वाजले. घराघरांतून फोन येऊ लागले.
बाई म्हणाल्या, चला, बसमध्ये.
तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं
की घरी जायचं तर पुढचा अर्धा मैल
हाच रस्ता आहे,
आणि त्यावर अजून ते येतायत.

कुणीच चढलं नाही.
टॉर्च घेऊन पोरं पुढे चालू लागली,
वाकत, उचलत, पलीकडे ठेवत,
आणि त्यांच्या मागे मी,
पहिल्या गिअरमध्ये, रिकामी बस घेऊन,
खिडकीतून डोकं बाहेर काढून,
चाकांचा आवाज ऐकत.

पुढून कुणीतरी विचारलं, झाले किती?
टारमो म्हणाला, एकशे एकेचाळीस,
आणि पाठुंगळीचे वेगळे.
ते किती?
अंधारातून उकू ओरडला,
ते अजून ठरायचंय!