ळ

बालवाडीच्या डायरीत बाईंनी लिहिलं,
"निषादच्या 'ळ'कडे लक्ष द्यावे."
दिलं. आठवडाभर दिलं.
केळं सोलून समोर धरलं, म्हटलं, म्हण.
"केलं," म्हणाला,
आणि खरंच, तोवर खाऊन झालंही होतं.

मग थोरल्याने शिकवणी हातात घेतली.
दुसरीतला मास्तर, फी दोन गोट्या.
वर्ग न्हाणीघरात, कडी लावून, नळ सोडून.
"जीभ मागे वळव रे.
पार्किंगमध्ये जोगकाका गाडी रिव्हर्स घेतात ना, तशी.
हां. आता ठोक."
मग धप्प. रडणं. खिदळणं.
बादली उलटल्याचा आवाज.
मी दाराबाहेर, हातात टॉवेल,
ठोठावू की नको.

सोमवारी स्कूटरवर
हा पुढे उभा, तो मागे दप्तरासकट.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला
हा एकदम ओरडला,
"आई, ळाळ! ळाळ सिग्नळ!"
शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली.
"पूळ! सायकळ! तो बघ फुगेवाळा!"
नवं हत्यार मिळालेल्या माणसासारखा
दिसेल त्यावर चालवत सुटला.
आरशात थोरल्याचा चेहरा,
पगारवाढ मागायला आलेल्याचा.

दुरुस्त करायला मी तोंड उघडलं
आणि सिग्नल सुटला.
मागून हॉर्न, हॉर्नवर हॉर्न.
"आई, चळ ना गं!"

चळले.
थोडी तर नक्कीच चळले.

पर्वतीच्या पायथ्यापर्यंत
कुणी काही बोललं नाही.
मग मागून, अगदी हळू,
"याची एक गोटी बाकी आहे."