सात पाऊण सव्वापाच

बावीस वर्षं मी पहिल्या तासाला
संगणकाच्या पिढ्या शिकवल्या.
पहिली पिढी, व्हॅक्यूम ट्यूब. दुसरी, ट्रान्झिस्टर.
मुलं उतरवून घ्यायची, समास सोडून,
आणि खिडकीबाहेर पूर्णगडच्या खाडीत
होड्या लागायच्या, सुटायच्या,
आमच्या वेळापत्रकाशी काडीचाही संबंध न ठेवता.

यंदा अभ्यासक्रम बदलायचं ठरलं.
समितीत मी, लिमये मॅडम,
आणि प्रयोगशाळेतले घवाळी, ज्यांना कुणी नेमलं नव्हतं
पण ज्यांना ठाऊक होतं
कुठल्या मशीनवर कुठलं पोर रडतं.
मॅडम म्हणाल्या, पायथन घेऊ.
मी म्हटलं, सी शिवाय शिस्त नाही.
तीन बैठका यातच गेल्या.
भांडण भाषेचं होतं;
बोलायचं कुणाशी, हे विषयपत्रिकेवर नव्हतं.

मग एका शनिवारी जेटीवर बांगडे घेताना
हर्षल भोवड दिसला. रोल नंबर एकवीस.
दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेला तो आलाच नाही.
कोपरापर्यंत ग्रीस, समोर मामाच्या लाँचचं इंजिन उघडं.
विचारू नये ते विचारलं : का सोडलंस रे?

त्याने पाना पुसला.
"सर, पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत,
आधीपासून कोणाकोणाला येतं?
सात हात वर गेले.
मग तुम्ही त्या सातांकडे बघून शिकवलंत.
मी त्याच दिवशी गेलो.
दिवाळीला फक्त ट्रंक न्यायची उरली होती."

पिशवीतलं पाणी माझ्या चपलेवर टपकत होतं.
काही सुचेना, म्हणून म्हटलं, भरती कधी आज?
वर न बघता म्हणाला,
"सप्तमी ना. सात पाऊण सव्वापाच."

तिथीची पाऊणपट.
तांडेलाने शिकवलेली, तांडेलाला त्याच्या तांडेलाने.
एक आकडा आत, एक आकडा बाहेर, मधे गुणाकार,
पुनवेनंतर पुन्हा एकपासून, म्हणजे एक अटसुद्धा.
फंक्शन, फंक्शन म्हणून मी बावीस वर्षं
फळ्यावर चौकोन काढत आलो.

आता पहिल्या पानावर पिढ्या नाहीत.
पहिल्या तासाला मशीन बंद.
कोणाला येतं हे विचारायचं नाही :
घवाळींनी सुचवलं, मी लाल शाईने लिहिलं.
दोघांत एक वही.
जेटीच्या खांबावर ऑइलपेंटच्या खुणा,
पाणी कुठे, किती वाजता, स्वतः बघून या.
मग पाऊणकी. मग चार ओळींचा कोड.
(पायथनमध्ये. मॅडम जिंकल्या.)

विद्यापीठाच्या फॉर्मला यासाठी रकाना नाही.
'इतर' मध्ये कोंबलंय.
मंजुरी यायचीय. तास सुरू झालेत.

काल एकादशी. आज शेवटच्या बाकावरून नाजमीन सोलकर उठली :
"सर, प्रोग्राम चुकतो. सव्वाआठ म्हणतो.
पाणी भरलं आठ त्रेपन्नला. मी उभी होते तिथे."
सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला,
कपबशी फुटल्यावर पोरं घरात बघतात तसा.
उत्तर मला येत होतं, निम्मंशिम्मं.
वारा, खाडीचं तोंड, तिथीचं घड्याळाशी न जुळणं.
गिळलं.
म्हटलं, अडतीस मिनिटं कुठे गेली, शोधा.
पुढच्या बाकावर क्लासवाल्या एकाचा हात
अर्ध्यावर गेला,
आणि खाली आला.
त्यालाही येत नव्हतं.
नाजमीन अजून उभीच होती.

हर्षलला निरोप धाडलाय : एका तासाला येशील?
घवाळींकरवी उत्तर आलं.
वर्गात नको.
पोरांनाच खाली आणा.
आणि ओहोटीला आणा, म्हणावं,
तेव्हा तळ दिसतो.