ळ

शनिवारी सकाळी साडेसातला
मी फक्त गाडी चालवतो.
मागे सहा पोरं, चार फावडी, मिठाची गोणी.
लोवेलच्या कालव्यावर पातळ बर्फ धरलेला,
बंद गिरण्यांच्या विटा ओल्या, लाल.
इचलकरंजीच्या माणसाला इथं
अजून धोटा ऐकू येतो,
असं मी एकदा बोललो, तर शाल्मली म्हणाली,
बाबा, पुढच्या सिग्नलला डावीकडे.

म्हाताऱ्यांच्या पायऱ्या मोकळ्या करायच्या,
मग चर्चच्या तळघरात
तांदूळ, वाटाण्याचे डबे, लहान मुलांचे डायपर
पिशव्यांत भरायचे, यादीवर खूण करायची.
आमच्या स्वतःच्या दारातला बर्फ तसाच.
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या,
मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो.
तिनं वही उघडली.
कुठलं लष्कर? किती भाकऱ्या?
आज एकशे बारा पिशव्या गेल्या, बाबा.
नऊ कमी पडल्या.

आज दुपारी त्याच तळघरात खुर्च्या गोल मांडल्या.
मास्तर ही पोरं, आणि विद्यार्थी
त्यांच्या शाळेतले बारा शिक्षक,
शिवाय मिसेस डोनाह्यू, ज्यांच्या पायऱ्या सकाळी झाडल्या;
आपण कॉफीसाठी आलोय, हे त्यांनीच सांगून टाकलं.
विषय एकच: समोरच्याचं नाव.

किन्शासाहून आलेली मर्वेय म्हणाली,
हजेरी घेताना माझ्या आधी तुम्ही थांबता ना,
ती थांबण्याची जागाच आता माझं नाव झालीय.
गणिताचे सर बुटांकडे बघत राहिले.
मग रॉन उठला. फळ्यावर ख्मेर अक्षरं काढली:
रत्तनाक. अर्थ, रत्न.
वर्षभर हा पोरगा माझ्या गाडीत बसतोय.
माझ्याच भाषेच्या डब्यातला खडा,
आणि मी झाकण उघडून पाहिलं नव्हतं.

शाल्मलीनं माझ्याकडे हात केला. यांना विचारा.
मी उभा राहिलो आणि सवयीनं म्हणालो, केल.
एकवीस वर्षं मी बँकेत, दवाखान्यात, लॅबमध्ये
एका पालेभाजीचं नाव लावून हिंडतोय.
ती वाट बघत राहिली.
काळे, मी म्हणालो. काळे.
जीभ मागे न्या, टाळूला टेकवा, आता सोडा.
मिसेस डोनाह्यू म्हणाल्या कारे,
मग कादे, मग काले,
मग कवळी हातात घेऊन पुन्हा एकदा.
सगळे हसले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेव्हा ती बोलली, इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं:
आमच्या भाषेत आडनाव विचारणं
हा दर वेळी साधा प्रश्न नसतो.
गेल्या महिन्यात फोनवर कुणीतरी
गावात नव्या आलेल्या एका कुटुंबाला विचारत होतं,
आडनाव काय? बरं.
मूळचे कुठले? बरं, बरं.
म्हणजे नक्की कुठले जाधव?
आणि मग जेवायला बोलवायचं राहूनच गेलं.

कुणीतरी, म्हणाली ती.
नावांच्या त्या अख्ख्या वर्गात
तेवढं एक नाव तिनं घेतलं नाही.
शिक्षक वहीत काहीतरी लिहीत होते.
मी कॉफीचे कप गोळा केले, भरलेलेसुद्धा.

परतताना गाडीत फावड्यांचाच आवाज.
रत्तनाकला उतरवताना मी हाक मारली,
तोंडातून निघालं रत्नाकर.
जवळ आलात काका, तो म्हणाला,
आणि मिठाची रिकामी गोणी घडी करून दिली.

आरशात शाल्मली वहीवर वाकलेली,
त्या नऊ पिशव्यांशी अजून झटत.
जाधवांचा नंबर आहे माझ्याकडे.
आमच्या मुलाला शनिवारी काही काम नसतं,
असं ते त्या दिवशी शेवटी म्हणाले होते,
मी ठेवतो म्हणायच्या आधी.