बसलालो

पाटीवर 'यात्री निवास' आहे,
रजिस्टरवर मात्र अजून 'सूत आवक, गोदाम क्र. २'.
मागाचे पट्टे फिरवणारा दांडा छताखाली तसाच,
त्यावर ओले टॉवेल वाळतात.
आठ खाटा, आठ चादरी.
माझ्या चादरीवरच्या मोराची मान विणताना चुकली,
म्हणून तो विकला गेला नाही,
माझ्या वाट्याला आला.

विजापूरची गाडी उद्या पहाटे.
गोलघुमट बघायला निघालेल्या माणसाला
मधेच एक अख्खा मंगळवार
रस्त्यात पडलेला सापडतो.
उचलावा की नाही, कळत नाही.

"काय करलालास बे?"

डोळे उघडायच्या आत प्रश्न.
मी चिपळूणचा. मला बे पाढ्यातला ठाऊक,
बे एके बे.
त्यापलीकडचा ऐकला की आमच्याकडे
बाह्या सरसावतात.
विचारणारा तोंबा, इंफाळचा,
सायकलवर देश बघायला निघालेला,
चाक वाकलं म्हणून तीन आठवडे इथं.
मराठी त्याला सोलापुरात भेटली,
पहिली आणि ही एकच.
त्याला वाटतं सगळे असंच बोलतात,
मीच कुठलंसं पुस्तक पाठ करून आलोय.

"काही करत नाहीये," मी.
तो खिडकीतून मान काढून ओरडतो,
"अक्का, ह्याला मराठी येत नाही की!"

व्यंकम्मा येमूल अंगणात, बादल्यांच्या मधोमध.
आज पाचवा दिवस, पाणी यायचा,
आणि नळ नुसता खोकतोय.
नळाला तेलुगूतून शिव्या,
इरेशला कन्नडमधून दटावणी,
मला मराठीतून चहा.
कधी तिन्ही एकाच वाक्यात,
सांधा दिसत नाही कुठं.
सूत तुटलं की गाठ मारायची अन् पुढं,
बोटांची सवय जिभेत उतरलेली.

दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी.
भाकरी कौलासारखी फुटली.
"छान आहे," मी म्हणालो.
शिकवणी सुरू झाली.
छान नाही, बेक्कार भारी.
आहे नाही, हाय की.
हा की काही विचारत नाही,
वाक्याला टेकायला ठेवलेली उशी आहे.
आणि बे?
अक्का स्वतः कधी म्हणत नाहीत, पण म्हणाल्या,
"परक्याला अहो म्हणत्यात
आणि दार लावून घेत्यात."

इरेश सातवीत. फळा नाही म्हणून
खाटेच्या लोखंडी पट्टीवर खडूनं लिहितो :
जेवलालो. झोपलालो. बघलालो.
मधे एक ला जास्तीचा, बस्स.
आमच्याकडे माणूस बसला की बसला,
क्रिया संपली, तो उठायला मोकळा.
इथं बसलालो म्हणजे
बसण्याचं काम चालू आहे,
मधे बोलावू नका.

मग आम्ही तिघं बसललालो.
चुकलं.
इरेशनं माझा वरचा ल पुसला.

चारला पाणी आलं. पळापळ.
पिंप, घागर, कूकर, टबसुद्धा,
मी अकरा बादल्या आत नेल्या,
बाराव्या खेपेला इरेशची आई कुंपणावरून म्हणाली,
"हळू की बे, सांडलालंय."
मी सांडत राहिलो थोडं,
परत ऐकायला.

खाटेखाली चप्पल शोधताना
तोंबाचं चाक हाताला लागलं.
फिरवून पाहिलं. कुठंच वाकडं नव्हतं.
"कधी झालं दुरुस्त?"
"दहा दिवस," तो म्हणाला,
आणि टॉवेल घडी करायला लागला,
जो घडीचाच होता.

शेजारचा माग रात्रीपाळीला लागलेला, खट्टक् खट्टक्.
आईचा फोन : "गोलघुमट झाला का रे?
काय करतोयस?"
"बसलालो की."
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग, काळजीनं,
"सर्दी झालीय का तुला?"