प्रश्न त्रेचाळीस

आता वजनकाटा पाठीवरच्या पिशवीत मावतो.
पहिला लोखंडी होता. मी आणि ओदिलॉन
दोघं मिळून तो चिखलातून न्यायचो
डबाबंद फळांच्या कारखान्यामागच्या वस्तीत,
जिथे डिसेंबरभर बायकांच्या मनगटांना
पीचची लव चिकटलेली असायची
आणि त्या खाजवत खाजवत संमतीपत्रावर सही करायच्या.

तेव्हा मी चोवीसची. ब्राझीलच्या ह्या दक्षिण टोकाला
विद्यापीठाने ठरवलं होतं:
त्या एका वर्षी गावात जन्मलेलं
एकही पोर सुटता कामा नये.
सुटली. काही नदीपार गेली, काही मातीआड.
एकाने दार उघडून सांगितलं, "तो इथे राहत नाही,"
आणि तोच होता.

जुसारा मात्र होती. पंधरा वर्षांची,
क्रमांक दोन हजार एकशे सतरा.
उंची एकशे छप्पन, भिंतीला टाचा लावून.
तिची आई, दोना एलोई, कान टवकारून दाराशी,
म्हणून तिला मी पाणी आणायला पाठवलं
आणि घाईघाईने विचारला त्रेचाळीसावा:
मनातलं सांगावं असं घरात कोणी आहे का?

जुसारा काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.
लिहिलं ते कागदावर, कागद कपाटात,
कपाटाची किल्ली दुसऱ्याच कोणाकडे.
डोक्याला तेवढं कुलूप बसवायचं राहून गेलं.

काल पुन्हा गेले. तेच घर, छपराचा पत्रा नवा.
मिनुआनो वारा दाराखालून येऊन
पायाच्या बोटांशी खेळत होता.
माझ्या गुडघ्यांना आता त्या पायऱ्या मोजून माहीत आहेत.
ह्या वेळी पाटावर जुसाराची मुलगी, मायारा.
पंधरा वर्षांची.
एकशे एकोणसाठ. तीन सेंटिमीटर वर.
हे सांगायला परवानगी आहे, म्हणून सांगितलं,
आणि बाहेर पायरीवर बसलेली जुसारा
उगाचच ताठ झाली, जणू उंची तिचीच वाढली.

मग दार लोटून घेतलं. बाकीचे प्रश्न:
झोप, दात, सिगारेट, शाळा,
पाळी, मारामारी, भाजी किती दिवस.
पोरगी पटापट, थोडी कंटाळून.
त्रेचाळीसपाशी थांबली.
खिडकीकडे पाहिलं, मग नखाकडे,
मग उत्तर दिलं.
मी टॅबलेटवरचा चौकोन दाबला,
बोट जरा थरथरलं. थंडी, मी म्हटलं.

"आईनेही दिली होती का ही उत्तरं?"
"हो."
"ह्याला काय म्हणाली होती?"
"ते गुपित असतं, बाळा. तुझंही तसंच राहील."
तिने मान हलवली. विश्वास ठेवला.
तोच तर जड जातो.

डॉक्टर पडद्यावर दोन ठिपके दाखवतात,
एक आईचा, एक लेकीचा, मध्ये बाण.
बाण छान सरळ असतो.
त्यात ती पायरी नसते,
तिथे बसलेली बाई नसते,
दाराच्या फटीतून येणारा वारा नसतो.

निघताना जुसाराने शिमाराँवची कुई पुढे केली,
धातूची नळी ओठांना चटका देणारी.
खालच्या आवाजात म्हणाली, "काय म्हणाली गं ती?"
मी घोट घेतला. कडू, गरम.
आणि नियमांची पुस्तिका मनात उघडून
पानापानावरून बोट फिरवलं.
उत्तर गुप्त. नाव गुप्त. पत्ता गुप्त.
प्रश्नाबद्दल कुठे काहीच लिहिलेलं नाही.

"त्रेचाळीसावा आठवतो?" मी विचारलं.
ती काही बोलली नाही.
किटलीतलं पाणी कुईत ओतत राहिली,
काठावरून सांडलं तरी.

"कागदावरचे शब्द अजून तेच आहेत," मी म्हटलं,
"कोणीही विचारू शकतं."

बस चुकली. पुढची पाऊण तासाने.
थांब्यावर उभं राहून पाहिलं तर
त्या घराचं दार बंद, स्वयंपाकघरातला दिवा लागलेला,
आणि पायरीवर कुई एकटीच,
अजून वाफाळत.