खडूची रेघ

टेबलावर खडूची एक रेघ मारली.
अलीकडे सजीव, पलीकडे निर्जीव.
एवढ्याच शिदोरीवर मी वर्गात आले होते,
पापोसोच्या शाळेत, जिथे पाऊस
फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पडतो
आणि धुकं मात्र रोज डोंगर उतरून
खिडक्या चाटून जातं.

मुलांनी खिसे उलटे केले.
गुळगुळीत गोटा, तांब्याचा हिरवट खडा,
पेलिकनचं पीस, गंजका गळ,
घेवड्याचे चार दाणे,
आणि निवडुंगावरून खरवडून आणलेली
एक पांढरी गोगलगाय,
तोंडावर पापुद्रा ओढून घेतलेली.

"हलतं ते जिवंत," ओव्हिदियो म्हणाला.
यास्नाने खिडकीबाहेर बोट दाखवलं.
"मग समुद्र?
आणि बाबांच्या बोटीचं इंजिन?
ते पितं, धूर सोडतं, खेकसतं,
थंडीत उठायला कुरकुरतं.
बाबा त्याच्याशी बोलतातसुद्धा."
सगळे हसले.
मी विचारलं, "त्याला पिल्लं होतात का?"
यास्नाने नीट विचार केला.
"झाली असती तर आम्ही विकली असती."

निकानोरने गोगलगाय कानाशी धरली,
भिंगाखाली फिरवली, टिचकी मारली,
हुंगली,
आणि बेधडक पलीकडे ठेवली.
"रिकामं घर आहे, बाई."

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं.
जिभेवर दात रोवून धरले.
बाकी सगळं शिकवणं सोपं असतं.

मग पाण्याचा फवारा, सगळ्यांवर सारखा.
दाण्यांखाली ओला कापूस.
"गोट्याखालीही," दमारिस म्हणाली,
"न्याय म्हणजे न्याय."
वहीत वेळ लिहिली: अकरा वाजून दहा.

पीस मात्र तिने हातातच ठेवलं.
"हे जिवंत नाही, बाई,
पण दगडासारखंही नाही. कुठे ठेवू?"
मी रेघेकडे पाहिलं.
रेघ लांब होती,
पण एका पिसाएवढी रुंद नव्हती.

सकाळी निकानोर सगळ्यांच्या आधी पोचला.
मी दार उघडलं
आणि तो टेबलापाशी जाऊन नुसता उभा राहिला.
पलीकडून अलीकडे
चकाकणारी एक वाट आली होती,
पोटातले पाय काढून कुणी रात्रभर चालल्यासारखी.
वाटेत आमची रेघ लागली,
तर तिने ती थोडी खाल्ली होती.
बोटभर जागा रिकामी.
पुढे वाट सजीवातही थांबली नव्हती.
टेबलाची कड उतरून, भिंत चढून
ती नकाशापर्यंत गेली होती,
आणि गोगलगाय समुद्राच्या निळ्यावर
शिंगं काढून बसली होती.

निकानोरने आपली ओळ खोडली नाही.
तिच्याखाली लिहिलं:
"काल मी घाई केली. आठ वाजून पाच."

चौथ्या दिवशी तीन दाणे फुटले.
चौथा नाही.
त्याच्याबद्दल अजून भांडण चालू आहे.

रेघेतली ती फट मी भरली नाही.
पीस तिथे ठेवलंय.

आणि दमारिस रोज मधल्या सुट्टीत
गोट्याचा कापूस ओला करते.
तिला कुणी थांबवत नाही.