मंगळवार, गुरुवार

न्यूटन, कॅन्सस. हँगर चार. बाहेर वारा असा
की दार ढकलायला दोघं लागतात.
आत ते उभं: सात आसनांचं, दोन इंजिनांचं, वय एकोणीस,
पायऱ्या खाली सोडलेल्या,
डॉक्टरनं जीभ दाखवा म्हटल्यासारख्या.

डॉक्टर मी नव्हे. डॉक्टर आहेत घेणाऱ्या बाई,
डेल्फीन उन्रू, मूत्रपिंडाच्या.
पाच गावांत त्यांची डायलिसिस केंद्रं,
एकातून दुसऱ्यात मोटारीनं चार तास.
मी व्हर्लिन. घोड्याचे दात मोजणारा.

टल्सातला दलाल फोनवर म्हणाला होता,
लोण्यासारखं उडतं हो.
लोणी मी बघत नाही.
मी बघतो चाकाच्या खोबणीतला गंज,
पंखाच्या कडेचं काळं रबर, गारांनी चावलेलं,
मागच्या सीटखाली गालिचा ओला आहे का ते,
गुडघ्यांवर बसून, नाक लावून.

मग इंजिनाच्या पोटात बारीक कॅमेरा.
पडद्यावर एकेक पातं येतं आणि सरकतं,
एकवीस, बावीस.
तेविसाव्याला मी थांबतो. टोकाला नखाएवढा खळगा.
"हे चालेल?"
मर्यादेत आहे, मी म्हणतो.
"माझे निम्मे पेशंट मर्यादेतच आहेत,"
बाई म्हणतात, आणि हसत नाहीत.

नोंदवह्या शेवटी. सहा जाडजूड,
कॉफीचे गोल डाग पडलेल्या.
विमान खोटं बोलत नाही, वह्या बोलतात कधी कधी,
म्हणून मी ओळ न ओळ वाचतो.
मालक ओर्लिन प्रीहाइम. अक्षर टपोरं.
सॅलायना, ओमाहा, डेन्व्हर, परत घर.
आणि मग अकरा महिने:
जमिनीवर इंजिन चालवलं. वीस मिनिटं. उड्डाण शून्य.
जमिनीवर. वीस मिनिटं. शून्य.
प्रत्येक ओळीत अक्षर थोडं अधिक तिरकं.

वैद्यकीय परवाना गेला असेल, मी म्हणतो. होतं असं.
बाई चष्मा पुसतात, तारखा बघतात,
फोनवर जुनं कॅलेंडर काढतात.
"मंगळवार. गुरुवार. मंगळवार.
सोमवार, बुधवार, शुक्रवार एकही नाही."
निवृत्त माणसाला कुठलाही वार सारखाच, मी म्हणतो.
"मशीनवरच्या माणसाला नाही."

कंप्रेसर गार होताना टिकटिकतो.
कोणी काही बोलत नाही.
मला दिसतो एक म्हातारा, डाव्या सीटवर,
पट्टा बांधून,
समोर हँगरचं बंद नाही, उघडं दार,
आणि त्याच्यापुढे दोन मैल सपाट धावपट्टी.
ब्रेक दाबलेले. वीस मिनिटं.

खरं सांगायचं तर असं नुसतं चालवून
इंजिनाचं फार भलं होत नाही.
वाईटही झालेलं नाही.
तसंच लिहिलं मी अहवालात.

सोळा दोष. टायर, रबर, एक गळका व्हॉल्व्ह,
शौचालयाची कडी.
दलालाला सांगायची कपात मी पेन्सिलीनं मांडली
आणि त्या अकरा महिन्यांपुढे एक आकडा घातला,
बाजारात घालतात तसा. पडून राहिलेल्या विमानाचे पैसे कापतात.
बाईंनी माझ्याच पेन्सिलीचं खोडरबर उलटं केलं.
"टायरचे कापा. रबराचे कापा.
हे नको."

हे मूर्खपणाचं आहे, मी म्हटलं, पस्तीस हजार डॉलर आहेत.
"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या,
आणि कोट घालू लागल्या.

दार ढकलायला दोघं लागतात.
त्यांनी दुसरी बाजू धरली.